करता येते का?

शेवळं विकायला बसलेल्या बाईने मला शेवळं विकली नाहीत. घडलं ते एवढंच. जूनचा पहिला आठवडा, आदल्या संध्याकाळी वळवाचा म्हणावा की मोसमी म्हणावा असा एक दणकून पाऊस झालेला. कोथरूडच्या भाजीबाजारात हातगाड्या संपतात तिथे, कडेला, ती गोणपाट अंथरून बसली होती. पुढ्यात शेवळांच्या जुड्या: जांभळट-तपकिरी, बोटभर जाडीचे, टोकाला निमुळते कोंब, बुडाशी ओली माती तशीच. शेजारी कोवळ्या टाकळ्याचा ढीग. मी एक जुडी उचलली आणि भाव विचारला. भाव न सांगता तिने उलट विचारलं, "करता येते का?" म्हटलं, येते. "काकडं हायेत घरी?" नव्हती. म्हटलं, चिंच घालीन. "घरी कोण करणारं हाय?" "मीच." यावर तिने माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे आणि हातातल्या कापडी पिशवीकडे एकदा नीट पाहिलं आणि जुडी माझ्या हातून काढून परत ढिगावर ठेवली. "नका नेऊ दादा. घसा धरंल, आन् मग माझ्या नावानं बोंबलाल."

पुण्यात माल असून न विकण्याची परंपरा जुनी आहे. पण तिथे कारण दुकानदाराच्या जेवणाचं असतं, इथे माझ्या जेवणाचं होतं. मी जरा हुज्जत घातली, मग मेथी घेऊन घरी आलो. राग आला होता. चिंचेवर शेवळं होतात, मी केलेली आहेत. पण दुपारपर्यंत राग उतरला आणि दुसरंच काहीतरी टोचत राहिलं. चौकातल्या केमिस्टने अँटिबायोटिक देताना मला कधी एवढे प्रश्न विचारले नव्हते.

शेवळं ही तशी हट्टी भाजी. सुरण-अळूच्या कुळातली. कंद वर्षभर जमिनीखाली निजलेला असतो आणि पहिला पाऊस पडला की पानाच्याही आधी फुलोरा वर काढतो. एका गुंडाळलेल्या आवरणाच्या आत उभा दांडा. तो पुरता उमलला की सडक्या मांसासारखा वास सुटतो, माश्या-भुंगेऱ्यांनी यावं म्हणून. आपण त्याआधीच, कोंब मिटलेला असताना, त्याला गाठायचं. पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया भरलेल्या असतात, जिभेत-घशात टोचतात त्या ह्याच. मला ही भाजी ठाण्याच्या एका मित्राच्या आईने शिकवली. विळीवर बसण्याआधी त्या हाताला तेल चोळायच्या. वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग कापून टाकायचा, उरलेलं अगदी बारीक चिरायचं. काकड नावाच्या झाडाची छोटी हिरवी फळं ठेचून उकळायची, चोथा पिळून काढायचा. शेवळं तेलावर भरपूर परतायची आणि मग त्या आंबट-तुरट पाण्यात शिजवायची. त्यांच्याकडे कोळंबी पडायची, वार असेल तर सोललेले वाल. शिजताना झाकण काढलं की मातीचा, ओल्या लाकडाचा आणि थोडासा मटणाचा असा एकत्र वास यायचा. घरातल्या सगळ्यांना आवडायचाच असं नाही. मित्र स्वतः त्या दिवशी बाहेर जेवायचा.

म्हणजे शेवळं हा निव्वळ कोंब कधीच नव्हता. कोंब, काकडं, तेलाचे हात आणि "पिवळं टाकायचं" हे सांगणारं माणूस, असा तो चौघांचा संसार आहे. त्यातला एक कोंब तेवढा उचलून मी पिशवीत टाकायला निघालो होतो, असं त्या बाईला वाटलं असणार.

रानातलं बहुतेक खाणं असंच आहे. कडू करांदे काप करून राखेच्या पाण्यात उकळायचे, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, मगच तोंडात. भारंगीची पानं उकडून पहिलं पाणी फेकायचं, पिळून घ्यायची, तरीही ती कडू लागणार. ती कडूच खायची असते. टाकळ्याचा तर मुहूर्तच सांभाळावा लागतो. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत, रोप चार बोटं असताना खुडला तर हरभऱ्याची डाळ, कांदा आणि वर ओलं खोबरं घालून काय सुरेख भाजी होते. श्रावणात तोच टाकळा गुडघाभर वाढतो, उग्र घाणेरडा वास मारतो आणि गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. संध्याकाळी त्याची पानं जोडीजोडीने मिटतात. लहानपणी आम्ही भोरला आजोळी अंगणाच्या कडेला बसून ती मिटताना पाहत असू. मिटण्याचा क्षण काही पकडता यायचा नाही. नजर दुसरीकडे वळायची आणि मिटलेली असायची.

आजोळची ही रानभाजी आई हौसेने करायची. वडील मात्र ताटात ती दिसली की गप्प व्हायचे. ते शिरूरकडचे, दुष्काळी पट्ट्यातले. १९७२ साली ते मॅट्रिकला होते. दुष्काळी कामावर खडी फोडायला आई-वडिलांबरोबर जायचे. सुकडी, अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणि जिथे ओल सापडेल तिथली पाथरी, घोळ, तांदुळजा, हे त्यांचं त्या वर्षीचं जेवण. पुढे बँकेत लागले, पुण्यात फ्लॅट घेतला, आणि घोळीची भाजी घरात येणार नाही एवढी एकच अट त्यांनी आईला घातली. आम्ही मुलं चेष्टा करायचो. आता कुठल्याशा बड्या हॉटेलच्या मेनूवर 'फोरेज्ड ग्रीन्स' म्हणून घोळ मांडलेली पाहिली, खाली किंमत पाहिली, आणि वडील नाहीत याचं त्या क्षणी बरं वाटलं. दुसऱ्याच क्षणी वाईट वाटलं, कारण ते मोठ्याने हसले असते. रानभाजीबद्दल गहिवरून बोलणाऱ्या माणसाच्या घरात ती कधी नाइलाजाने शिजली होती का, हे मी हल्ली मनातल्या मनात तपासतो. बहुधा शिजलेली नसते.

शहराने रानाशी अगदीच नातं तोडलं आहे असंही नाही. नातं पंचांगातून येतं. आषाढी द्वादशीला उपास सोडायला वाघाटी हवी म्हणून मंडईत एरवी घासाघीस करणारी माणसं वाघाटीच्या चार फळांना तोंडाला येईल तो भाव मोजतात. वाघाटीची वेल काटेरी, फळ कडसर, आणि वर्षातून त्या एकाच दिवशी तिला पुण्यात मान. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून जे आपोआप उगवतं किंवा हाताने लावलेलं आहे तेवढंच. तीही भाजी आता चिरून, मक्याच्या कणसाच्या तुकड्यांसकट पाकिटात मिळते. मका ट्रॅक्टरच्या शेतातला, तेव्हा बैलाचे कष्ट नाहीत हे तांत्रिकदृष्ट्या बरोबरच. गणपतीच्या पत्रीत आघाडा, डोरली, शमी, धोतरा, माका एकत्र बांधून येतात. माझी खात्री आहे की त्या जुडीतली निम्मी पानं कुणालाच ओळखता येत नाहीत, ना विकणाऱ्या पोराला, ना घेणाऱ्या मला. पोरगं पहाटे टेकडीवर जाऊन हाताला लागेल ते हिरवं तोडून आणतं. आघाड्याची कोवळी पानं भाजीची असतात, धोतऱ्याचं पान पोटात गेलं तर माणूस भ्रमिष्ट होतो. देवाला दोन्ही चालतात.

आपल्याला चालत नाहीत.

औषधाच्या बाजूला आलं की हे प्रकरण जास्त अवघड होतं. रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात उभं राहायला मला फार आवडतं. गोणींच्या तोंडाशी लोखंडी फावडी, सुंठ, वेखंड, ज्येष्ठमध, बेहडा आणि जुन्या तागाचा मिळून एक वास, जो दुकानातून बाहेर पडल्यावरही शर्टाला राहतो. गल्ल्यावरच्या गृहस्थांना पूर्वी लोक आजार सांगायचे किंवा वैद्यांची चिठ्ठी दाखवायचे. आता फोन पुढे करतात. फोनवर व्हिडिओ, व्हिडिओत कुणीतरी सांगतो आहे की अमुक चूर्ण रोज एक चमचा. ते मुकाट्याने पुडी बांधतात. एकदा मी विचारलं, तुम्ही सांगत नाही का कुणाला किती, कशाबरोबर? म्हणाले, "सांगत होतो. लोक म्हणायचे, तुम्हाला विचारलं का?"

गुळवेलीचं कोरोनाच्या त्या दोन वर्षांत जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आमच्या सोसायटीच्या मागच्या कडुनिंबावर हृदयाकृती पानांची एक जुनी वेल होती, तिच्या हवेत लोंबणाऱ्या मुळ्या गच्चीवरून दिसायच्या. २०२० च्या पावसाळ्यात ती खोडापासून वितीवितीचे तुकडे होऊन पन्नास घरांत काढा म्हणून उकळली गेली. काही घरांत एक वेळ, काही घरांत तीन वेळा, काही घरांत महिनोन्‌महिने. त्याच वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणारे आणि कावीळ झालेले सहा रुग्ण सापडले. २०२१ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने तो दिशाभूल करणारा ठरवला. त्यांचं म्हणणं, या लोकांनी घेतली ती खरी गुळवेलच होती हे कशावरून? तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक जात आहे. मला या भांडणात न्यायाधीश व्हायचं नाही. मला त्यातला एक मुद्दा दोन्हीकडून सारखाच लागू दिसतो. वेल चुकीची असेल तर ती ओळखणारं कुणी मध्ये नव्हतं. वेल बरोबर असेल तर किती आणि किती दिवस, हे सांगणारं कुणी मध्ये नव्हतं. आमच्या मजल्यावर एक वैद्य राहतात. त्या दोन वर्षांत त्यांच्या घराची बेल वाजवून "मी घेऊ का?" असं विचारायला आलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकी सगळ्यांना आधीच माहीत होतं.

इथे मला जुन्या लोकांच्या बाजूने एकदम उभं राहायचा मोह होतो, पण तोही पुरता टिकत नाही. माझ्या आजीने आम्हा सगळ्या भावंडांना गुटी उगाळून पाजली. सहाणेवर एकेका मुळीचे ठरावीक वेढे, मुळ्यांचा क्रम ठरलेला, वेखंडाचा वेढा सगळ्यांत कमी. वेढ्याचं तिचं गणित मी अजूनही कौतुकाने सांगतो. पण वेखंडात असेरोन नावाचं द्रव्य असतं, उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली, हेही मला आता माहीत आहे. आजीला माहीत नव्हतं. तिला अर्धा वेढा कमी घ्यावा एवढं मात्र कुणीतरी शिकवलं होतं. बाळाला पोटदुखी झाली तर काय, हे तिच्या समोर रात्रीतून दिसायचं. वीस वर्षांनी काय होईल हे कुठल्याच आजीला दिसणं शक्य नव्हतं. परंपरेची नजर या बाबतीत तीक्ष्ण आणि आखूड, दोन्ही आहे.

कासविंद्याची गोष्ट मला याहून भयंकर वाटते. कासविंदा हा टाकळ्याचा सख्खा भाऊ, पिवळी फुलं, जरा चपट्या शेंगा, पुण्यात पडीक प्लॉट असेल तिथे उगवतो. वैद्यकात त्याला खोकल्यासाठी जुना मान, बिया भाजून कॉफीऐवजी वापरण्याची चाल बऱ्याच देशांत होती. उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात वर्षानुवर्षं थंडीच्या तोंडावर लहान मुलं उलट्या, बेशुद्धी होऊन काही दिवसांत दगावायची. मेंदूज्वर म्हणून नोंद व्हायची, विषाणू शोधला जायचा, सापडायचा नाही. शेवटी २००७ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी दाखवलं की मुलं खेळताना कासविंद्याच्या कच्च्या शेंगा खात होती. गरिबाघरची, दोन ते पाच वर्षांची मुलं, ज्यांच्या आया दिवसभर कामावर. भाजलेली बी वेगळी आणि शेंगेतली कच्ची बी वेगळी, एवढा एक दुवा तुटला होता. झाड दाराशी तसंच उभं होतं, त्याच्याबद्दलचं बोलणं मात्र त्या घरांतून केव्हाच गेलं होतं.

प्रयोगशाळेने रानाकडून काय नेलं, याची यादी आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून १९६०च्या दशकात ब्रोमहेक्सिन तयार झालं, आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत ते आहे. सह्याद्रीत नरक्या नावाचं एक झाड आहे, फुलांना नको तो वास. एका चिनी झाडात १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन सापडलं आणि १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना तेच आपल्या नरक्यात सापडलं. त्यापासून पुढे कर्करोगावरची औषधं झाली. माझ्या एका मावसबहिणीला त्यातलंच एक सलाइनमधून दिलं जायचं. ती आज आहे. तेव्हा या औषधांना मी तोंड वाकडं करणार नाही. पण नरक्याला किंमत आहे हे कळल्यावर सह्याद्रीत त्याची चोरटी तोड सुरू झाली, पोत्यांनी लाकूड गेलं. माणसाला त्याचा उपयोग कळला आणि झाडाचे दिवस भरले. जुन्नर-आंबेगावकडचे महादेव कोळी बाळहिरडा गोळा करतात. त्याचा भाव कोण ठरवतं हे विचारायला त्यांना दरवर्षी मोर्चा काढावा लागतो की काय असं वाटण्याइतका तो खाली-वर होतो. हिरड्याच्या चूर्णाची डबी मात्र माझ्या बाथरूमच्या कपाटात एकाच भावाने वर्षानुवर्षं उभी आहे.

ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. मी जातो. टेबलांवर पांढऱ्या चादरी, कवळा, कुर्डू, फोडशी, करटोली, प्रत्येकीपुढे गुणधर्मांचं लॅमिनेट केलेलं पत्रक: पचनास हितकर, रक्तशुद्धी, मधुमेहावर गुणकारी. भाजीला आता गुणकारी असल्याशिवाय ताटात येता येत नाही. कवळ्याची भाजी चवीला चांगली लागते हे कुठल्याच पत्रकावर लिहिलेलं नसतं. टेबलामागे उभ्या बायकांना मी करण्याची रीत विचारली की त्या एकदम खुलतात. पत्रकाकडे बोट दाखवत नाहीत, हातांनीच दाखवतात, एवढं पाणी, एवढा वेळ. मागून कुणीतरी विचारतो, "शुगर कमी होते का हो?" आणि हात खाली येतात.

वेताळ टेकडीवर मी रोज जातो, तिथेही हाच गोंधळ वेगळ्या पोशाखात आहे. वृक्षारोपणात लावलेलं गिरिपुष्प सगळीकडे, त्याच्याखाली गवतसुद्धा धड येत नाही. उरलेल्या उघड्या माळावर सप्टेंबरमध्ये नारिंगी कॉसमॉस फुलतो आणि लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. तो मेक्सिकोकडचा, बागेतून पळालेला. त्याच्या पायात काय मेलं ते फोटोत येत नाही. तरी अजून खडकाच्या कपारीला शेवळं येतात, पावसाळ्याच्या तोंडाशी चार-पाच कोंब. मी त्यांना हात लावत नाही. शहरातल्या पन्नास लाखांपैकी मीच का, असं म्हणणारे पन्नास जण असले तरी ती कपार संपली. कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे, १९५५ पासूनचं. तिथे अशा वनस्पतींचे हजारो वाळवलेले नमुने कागदावर टाचून ठेवलेले आहेत. झाड कुठल्या डोंगरावर, कुठल्या तारखेला, कुणाला मिळालं हे त्यावर नेमकं असतं. फार मोलाचं काम. पण पिवळं काढून टाकायचं, हे त्या कागदावर मावत नाही.

ती शेवळंवाली मला पुढे महिन्याभराने पुन्हा भेटली. ती ओळखणार नाही असं वाटलं होतं, पण तिने लगेच ओळखलं. शेवळांचा मोसम संपला होता, करटोली घेऊन बसली होती. करटोलीला ती कुणाला काही विचारत नव्हती, न बोलता तोलून देत होती. ताम्हिणीच्या वाटेवरचं तिचं गाव, मुळशीच्या धरणाच्या वर. पणजोबांची भातखाचरं पाण्याखाली गेली, "सत्याग्रह झाला म्हणत्यात, आमी काय पाह्यलेला न्हाय." उरलं ते डोंगराकडचं. भाजी खुडायला दोन तास, पहिल्या एसटीने यायला दोन तास, आणि महापालिकेची गाडी आली की उचलून पळायला दोन मिनिटं. मी म्हटलं, तुम्ही त्या दिवशी माझं नुकसान केलंत. ती हसली. "तुमचं काय नुकसान? एका बाईला दिली होती दोन वर्साखाली. कुकरात घातली म्हनं तिनं. तवापासनं समदी गिऱ्हाइकं तिचं उदाहरन देत्यात." म्हणजे माझ्या आरोग्याची काळजी होतीच, पण धंद्याचीही होती. मला हे ऐकून का कोण जाणे, जास्त बरं वाटलं.

आमच्या सोसायटीच्या मागे बिल्डरने सोडलेला एक मोकळा तुकडा आहे. वॉचमन परभणीकडचा, त्याची बायको धुण्याभांड्याची कामं उरकून दुपारी तिथे बसलेली दिसते. बराच काळ मला वाटायचं ती सावलीला बसते. ती भाजी खुडत असते: घोळ, तांदुळजा, केना, आणि ती ज्याला तरोटा म्हणते तो टाकळा. यंदा मी तिच्या शेजारी जाऊन घोळीच्या एका लुसलुशीत ताटव्याकडे हात नेला, तर तिने माझं मनगटच धरलं. "काका, तिकडली नका घेऊ. माळ्यानं तिथं औषध मारलंय." मला पानं ठणठणीत हिरवी दिसत होती. तिने शेजारच्या गवताचं एक पातं उपटून दाखवलं, मधल्या शिरेजवळ फिकट पट्टा उमटू लागलेला. घोळ मांसल, तिच्यावर उशिरा दिसतं. गवत आधी सांगतं. माळी पाठीवर पंप घेऊन कुठल्या वारी येतो, नळीचं तोंड कुठवर पोहोचतं, पाऊस झाला तर उतारावरून पाणी कुठे जातं, भिंतीच्या आतल्या बाजूला कुत्री येत नाहीत म्हणून तिथलं आधी खुडायचं, हे सगळं तिने मला जागच्या जागी फिरवून दाखवलं. तिच्या आईला यातलं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं. परभणीच्या बांधावर तेव्हा तणनाशकाचा पंपच पोहोचला नव्हता. हे तिने पुण्यात येऊन, स्वतःच्या डोळ्यांनी, कुणी न शिकवता जमवलेलं आहे, आणि तिची दहा वर्षांची मुलगी कडेवर धाकट्याला घेऊन ते सगळं ऐकत उभी होती.

मग मी सोसायटीच्या बैठकीत विषय काढला, की मागच्या तुकड्यावर फवारणी थांबवावी. चेअरमन म्हणाले साप येतील. सेक्रेटरी म्हणाले डास होतील. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना कल्पना इतकी आवडली की तिथे औषधी वनस्पतींचं उद्यान करावं, प्रत्येक झाडाला पाटी लावावी, उद्घाटनाला नगरसेवकांना बोलवावं, असं त्या सुचवू लागल्या. कोरफड, तुळस, इन्सुलिनचं झाड अशी यादीही झाली. घोळ आणि टाकळा यादीत घाला म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघू लागले. तण कोण लावतं? तासाभराने ठराव झाला तो असा: मोकळ्या जागेत तणनाशक फवारणी गणपतीपर्यंत स्थगित ठेवावी, तदनंतर पेव्हर ब्लॉकसाठी तीन कोटेशनं मागवावीत. मी खाली येऊन वॉचमनच्या बायकोला सांगितलं. वाटलं होतं, खट्टू होईल. ती भांडी विसळत होती.

"गणपतीनंतर निबरच होतंय की सगळं, काका," ती म्हणाली. "पण त्या पलीकडल्या प्लॉटवर कोण मारतंय औषध, त्याचं तेवढं इचारून द्या."